खिडकीची चौकट : तिचा रंग व तिची निगा



घराचा विचार करू लागलो की भिंती, छप्पर व दार ही प्रथम मनात येतात. खिडकीची आठवण मागाहून होते. वस्तुतः ऊन, वारा, पाऊस व धूळ यांच्याशी रोजचा सामना खिडकीलाच करावा लागतो. दाराला बहुधा जिन्याचा किंवा ओसरीचा आडोसा असतो. खिडकी मात्र उघड्यावर उभी असते. म्हणून घराचे वय जर कोठे आधी दिसत असेल तर ते खिडकीच्या चौकटीवर दिसते.

आपल्यापैकी पुष्कळ कुटुंबांनी आता अॅल्युमिनियमच्या खिडक्या बसवून घेतल्या आहेत, व त्यात काही गैर नाही. तथापि लोद, रामले, बेरशेबा, दिमोना, अश्दोद अशा गावांतील जुन्या वस्त्यांत हिंडताना काही घरांना अजूनही लाकडी खिडक्या दिसतात. कोठे रंगाचे पोपडे निघाले आहेत, कोठे लाकूड करडे पडले आहे, कोठे झडप चौकटीला घासते. अशा घरी एखादा कंत्राटदार येतो, दोन मिनिटे पाहतो आणि ‘सगळे काढून टाका’ असे सांगून जातो. घरातील वृद्ध माणसे त्या खर्चाचा आकडा ऐकून गप्प बसतात. खिडकी तशीच राहते व पुढील पावसाळ्यात आणखी बिघडते.

आमचे म्हणणे असे की, यांतील बऱ्याच खिडक्या टाकण्याजोग्या नाहीत. थोडी माहिती, थोडा धीर व पाचसहा दिवसांचे काम एवढ्यावर त्या आणखी कित्येक वर्षे उत्तम चालतील. मात्र या कामात दोन धोके आहेत. एक मुलांच्या मेंदूला, दुसरा साऱ्या घराला. ते नीट समजून घेतल्याशिवाय कोणीही कुंचला हाती धरू नये. म्हणून हा लेख आम्ही काहीसा विस्ताराने लिहीत आहोत.

कोकणातील खिडकी व येथील खिडकी

अलिबाग, रेवदंडा, पेण, पनवेल या भागांत ज्यांचे बालपण गेले त्यांना सागवानी खिडक्या आठवत असतील. कोकणच्या किनाऱ्यावर वर्षाकाठी दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि तोही बहुतेक चार महिन्यांत. तेथे लाकडाचा शत्रू पाणी. सागाच्या अंगी स्वतःचेच तेल असते, त्यामुळे तो पाण्यास व वाळवीस दाद देत नाही. पावसाळ्यापूर्वी त्याला तेलाचा एक हात दिला की वर्षभर पाहावे लागत नसे.

येथील परिस्थिती निराळी आहे. बेरशेबास वर्षभरात सुमारे दोनशे मिलिमीटर पाऊस पडतो. दिमोनास त्याहूनही कमी. येथे लाकडाचा शत्रू सूर्य. सूर्यप्रकाशातील जे किरण डोळ्यांना दिसत नाहीत ते लाकडाचे तंतू एकत्र धरून ठेवणाऱ्या द्रव्याचा नाश करतात. मग पृष्ठभाग करडा व भुसभुशीत होतो आणि त्यावरील रंगाची पकड सुटते. दक्षिणेकडील व पश्चिमेकडील खिडक्या आधी खराब होतात त्या याच कारणाने. नेगेवमध्ये धुळीची वादळे लाकूड घासतात. अश्दोदसारख्या किनाऱ्यावरील शहरात खारी हवा बिजागऱ्या व स्क्रू गंजवते.

शिवाय येथील खिडक्या बहुधा सागाच्या नसतात. त्या पाइनसारख्या मऊ लाकडाच्या असतात. या लाकडात गाठी असतात, गाठींतून डिंकासारखा राळ झिरपतो आणि लाकूड रंगही सर्वत्र सारखा पीत नाही. म्हणून वडीलधाऱ्यांची कोकणातील रीत येथे जशीच्या तशी चालत नाही. तिच्यामागचे तत्त्व मात्र चालते.

रंग, स्टेन व वॉर्निश यांतील भेद

दुकानात गेल्यावर पुष्कळांचा गोंधळ येथेच होतो, म्हणून आधी शब्द स्पष्ट करू.

तेलरंग लाकडावर थर करून बसतो व लाकूड झाकून टाकतो. स्टेन हा लाकडात मुरणारा रंग होय. तो लाकडाला छटा देतो, पण त्याच्या रेषा दिसत राहतात. आतल्या बाजूच्या स्टेनने एकट्याने संरक्षण होत नाही. त्यावर वॉर्निशाचा पारदर्शक थर द्यावा लागतो. बाहेरच्या बाजूसाठी मिळणारे काही स्टेन मात्र तेल व रंगद्रव्य दोन्ही असलेले असतात. ते स्वतंत्रपणे वापरता येतात, आणि पोपडे न निघता हळूहळू झिजत असल्यामुळे त्यांची डागडुजी सोपी असते.

एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. अगदी बिनरंगी, काचेसारखे स्वच्छ वॉर्निश बाहेरच्या बाजूस फार टिकत नाही, कारण ऊन त्यातून आरपार जाऊन खालचे लाकूड खाते. रंगद्रव्याचे कण हीच उन्हाविरुद्धची छत्री. म्हणून बाहेरील बाजूस मध्यम छटेचा स्टेन व त्यावर बाहेरच्या वापरासाठी केलेले, उन्हाचे किरण अडवणारे वॉर्निश घ्यावे. फार गडद छटाही नको. काळसर लाकूड उन्हात अधिक तापते, व तापल्याने त्याला भेगा पडतात.

लाखेचे पॉलिश, म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख, कपाटाला किंवा खुर्चीला शोभून दिसते. पण पाणी लागताच त्यावर पांढरे डाग पडतात. खिडकीच्या बाहेरच्या अंगाला ते कधीही लावू नये.

आता तेलाविषयी. आपल्या पूर्वजांना कोकणात ‘शनवार तेली’ म्हणत हे आपणा सर्वांस ठाऊक आहे. शनिवारी ज्यांचा घाणा बंद, त्या लोकांना तेलाचे गुणधर्म शिकवावे लागले नसते. खोबरेल कितीही दिवस ठेवले तरी वाळत नाही. ते लाकडाला लावले तर वर धूळ बसून चिकट थर होतो. जवसाचे, म्हणजे अळशीचे तेल मात्र हवेतील प्राणवायू शोषून घेते व हळूहळू घट्ट होते. रंगारी लोक ज्याला ‘बेलतेल’ म्हणतात ते याच तेलाचे लवकर वाळणारे रूप. बहुतेक तेलयुक्त स्टेन व वॉर्निश यांच्या मुळाशी असे वाळणारे तेल असते. त्याचा हा गुण उपकारक आहे, आणि योग्य काळजी न घेतल्यास तोच घातक आहे. ते कसे, हे पुढे सांगू.

पहिला धोका : जुन्या रंगातील शिसे

पूर्वीच्या काळी तेलरंगात शिसे सर्रास घालीत. अमेरिकेत घरगुती रंगातील शिशावर १९७८ साली बंदी आली. भारतात २०१६ साली नियम झाले व रंगातील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांवर मर्यादित केले गेले. म्हणून जुन्या घरातील रंगाचे खालचे थर, विशेषतः ते कधी लावले हे माहीत नसेल तर, शिसेयुक्त आहेत असेच समजून चालावे.

असा रंग भिंतीवर अखंड असेल तर फारसा अपाय करीत नाही. परंतु तो खरवडला किंवा कोरडा घासला की त्याची बारीक धूळ होते. ती जमिनीवर बसते, रांगणाऱ्या मुलाच्या हाताला लागते व हातावाटे तोंडात जाते. शिशाने मुलाच्या मेंदूची वाढ बिघडते. लक्ष लागत नाही, आकलन मंदावते, आणि झालेली हानी भरून येत नाही. मुलांच्या रक्तात शिशाचे अमुक प्रमाण निर्धोक, असे म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेचे मत आहे. आयुष्य शाळेत घालवलेल्या माणसांस यापरता मोठा इशारा द्यावासा वाटत नाही. ज्या नातवंडांसाठी आपण घर सजवतो त्यांचीच बुद्धी त्या सजावटीपायी कमी होऊ नये.

यावरून एक महत्त्वाचा निर्णय निघतो. स्टेन हा उघड्या लाकडातच मुरतो. त्यासाठी जुना रंग मुळापासून काढावा लागतो. म्हणून खिडकीवर पूर्वी तेलरंगाचे थर असतील व ते जुने असतील, तर घरच्या घरी स्टेन करण्याचा मोह टाळावा. रंगाचा तुकडा प्रयोगशाळेत तपासून घ्यावा. शिसे निघाले तर काम जाणकार माणसाकडे द्यावे. झडप व चौकट जेथे एकमेकांस घासतात तेथे हे अधिकच आवश्यक आहे, कारण तेथील रंगाची धूळ रोज उघडझाप करतानाही होत असते. ज्या खिडक्यांवर मुळात केवळ वॉर्निश, पॉलिश किंवा तेल आहे, म्हणजे लाकडाच्या रेषा दिसत आहेत, त्याच स्टेनसाठी योग्य. पुढील सर्व मजकूर अशाच खिडक्यांविषयी आहे.

जुना थर काढण्यासाठी दिव्याची ज्योत कधीही वापरू नये. रंग वितळवणाऱ्या रासायनिक द्रावणांतही मेथिलीन क्लोराइड असलेले द्रावण घेऊ नये. बंद खोलीत त्याच्या वाफेने माणसे दगावलेली आहेत. अमेरिकेत रंग काढण्यासाठी त्याची किरकोळ विक्री २०१९ साली बंद करण्यात आली.

काम केव्हा काढावे

आपल्या घरी अनाशी ढाकाच्या सणापूर्वी, म्हणजे पेसाहपूर्वी, झाडलोट होतेच; खिडक्यांची पाहणी त्याच वेळी करावी. प्रत्यक्ष काम मात्र सणानंतर काढावे. तेव्हा पाऊस बहुधा थांबलेला असतो व उन्हाळ्याची काहिली अजून सुरू झालेली नसते. हवा दहा ते तीस अंशांच्या दरम्यान असावी. शरावचे दिवस टाळावेत. त्या कोरड्या, तप्त वाऱ्यात वॉर्निश कुंचल्याखालीच वाळू लागते, कुंचल्याचे ओरखडे उमटतात आणि ओल्या थरावर वाळवंटातील धूळ येऊन बसते. सकाळी दव सुकल्यावर प्रारंभ करावा व ऊन ज्या बाजूस नसेल ती बाजू घ्यावी. आव महिन्याच्या आरंभापासून बिरड्याच्या सणापर्यंतच्या नऊ दिवसांत घराची रंगरंगोटी करू नये असा आपला प्रघात आहे, हेही बेत आखताना ध्यानात असू द्यावे.

एका वेळी दोनच खिडक्या घ्याव्यात. रविवारी प्रारंभ केला तर गुरुवारपर्यंत वॉर्निशाचे दोन हात होतात, व शब्बाथच्या आधी झडप जागेवर टांगता येते. तिसरा हात पुढील रविवारी.

बहुमजली इमारतीत बाहेरच्या बाजूचा रंग बदलण्यापूर्वी इमारतीच्या समितीस विचारावे. आणि वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी खिडकीबाहेर वाकून काम करू नये. झडप बिजागऱ्यांवरून उतरवून आत टेबलावर घ्यावी. चौकटीचे बाहेरचे अंग हात सहज पोचेल तेवढेच आतून करावे, उरलेले शिडीवर चढण्याची सवय असलेल्या माणसावर सोपवावे. ममादच्या पोलादी खिडकीला यांतील काही लागू नाही. तिला हात लावू नये.

पाहणी व दुरुस्ती

झडपा उतरवताना प्रत्येकीवर आतल्या कडेस खूण करावी : ‘पूर्व १’, ‘पूर्व २’. बिजागऱ्या, कड्या व स्क्रू प्रत्येक खिडकीचे निरनिराळ्या डब्यांत ठेवावेत. जुन्या खिडकीत प्रत्येक झडप आपल्याच चौकटीला बसलेली असते. अदलाबदल झाली की ती घासते.

मग टोकदार आरीने लाकूड टोचून पाहावे, विशेषतः झडपेची खालची पट्टी, खालचे कोपरे आणि चौकटीचा तळ. लाकडाचे कापलेले टोक नळीसारखे पाणी ओढून घेते, म्हणून कुजण्यास प्रारंभ तेथूनच होतो. आरी अडली तर लाकूड निरोगी आहे. ती लोण्यात शिरावी तशी पाचसहा मिलिमीटर आत गेली तर तेवढा भाग पटाशीने काढून, त्याच जातीच्या लाकडाचा तुकडा रेषा जुळवून बसवावा. भुसा व सरस यांचे मिश्रण लहान भोकांपुरतेच ठीक. मोठ्या खड्ड्यात ते निभावत नाही, व स्टेन त्यात मुरत नसल्यामुळे डाग वेगळा दिसतो. निम्म्याहून अधिक खालची पट्टी कुजली असेल तर मात्र नवी झडप करणेच शहाणपणाचे. वाचवण्याचा हट्ट तेथे कामाचा नाही.

चौकटीच्या खालच्या पट्टीस बाहेरच्या बाजूला उतार असतो, व तिच्या पोटाशी एक बारीक खाच असते. पाणी भिंतीकडे न ओघळता त्या खाचेपाशी थेंबून खाली पडावे अशी तिची योजना. वर्षानुवर्षांच्या रंगाने ती बुजते व भिंत ओली होऊ लागते. ती खाच मोकळी करणे हे दहा मिनिटांचे काम, पण साऱ्या दुरुस्तीत त्याच्याइतके लाभदायक दुसरे नाही.

तावदानाभोवतीची लांबी सुटली असेल तर ती काढून टाकावी. लांबी म्हणजे खडूची भुकटी व जवसाचे तेल यांचा गोळा. कोऱ्या, कोरड्या लाकडावर ती भरली तर लाकूड तिच्यातील तेल पिऊन टाकते व लांबी तडकते. म्हणून खाचेस आधी पातळ वॉर्निशाचा एक हात द्यावा, तो वाळल्यावर लांबी भरावी, व तिच्यावर साय धरण्यास आठवडा-दोन आठवडे द्यावेत.

घासणे

जुने वॉर्निश खरवडणीने, लाकडाच्या रेषांच्या दिशेने काढावे. त्यानंतर काचकागद : प्रथम ८० क्रमांकाचा, मग १२०चा, शेवटी १८०चा. प्रत्येक कागद आधीच्या कागदाचे ओरखडे पुसण्यापुरताच चालवावा. घासणे सदैव रेषांच्या दिशेने. आडवा घासलेला एकही ओरखडा स्टेन लावताच काळी रेघ होऊन उमटतो. कागद लाकडाच्या सपाट ठोकळ्यावर गुंडाळावा, नाहीतर बोटांच्या दाबाने लाकडावर पन्हळ्या पडतात. फार बारीक कागदाने लाकूड आरशासारखे करू नये. त्याचे छिद्र बुजते व स्टेन आत शिरत नाही.

करडे पडलेले लाकूड संपूर्ण निघून ताजा रंग दिसेपर्यंत घासले पाहिजे. त्या मेलेल्या थरावर लावलेले वॉर्निश वर्षाच्या आत निघते, आणि मग लोक वॉर्निशाच्या डब्याला दोष देतात.

तोंडावर नुसता रुमाल बांधून भागत नाही. बारीक कण अडवणारा मास्क लावावा. धूळ झाडूने उडवू नये, ओल्या फडक्याने टिपावी. शेवटी टर्पेंटाइनमध्ये किंचित भिजवलेल्या फडक्याने लाकूड पुसावे. खिडकी सागाची असेल तर हे पुसणे अवश्य करावे, म्हणजे लाकडाचे वरचे तेल निघून थर धरतो.

स्टेन व वॉर्निश लावण्याची रीत

प्रथम त्याच झडपेच्या न दिसणाऱ्या कडेवर छटा करून पाहावी. दुकानातील नमुन्याची पट्टी वेगळ्या लाकडाची असते, ती फसवते. छटेवर वॉर्निशही लावून पाहावे, कारण वॉर्निशाने रंग अधिक खुलतो व काहीसा पिवळसर होतो.

मऊ पाइनवर स्टेन ठिकठिकाणी ढगासारखा उमटतो. त्यासाठी स्पिरिटने बरेच पातळ केलेल्या लाखेचा एक झिरझिरीत हात आधी द्यावा व तो वाळल्यावर कागद हलकेच फिरवावा. वर लाखेस आम्ही बाहेरच्या बाजूस मनाई केली. ती वरचा थर म्हणून. येथे ती वॉर्निशाखाली झाकली जाते. गाठींवर हाच हात दोनदा दिला म्हणजे राळ बाहेर येत नाही. कापलेली टोके अधिक रंग पितात व काळी पडतात. ती थोडी अधिक बारीक कागदाने घासून ठेवावीत.

स्टेन डब्यात तळापर्यंत ढवळावा, कारण रंगद्रव्य खाली बसते. कुंचल्याने किंवा फडक्याने सढळ लावावा, पाच ते पंधरा मिनिटे मुरू द्यावा व उरलेला सर्व पुसून घ्यावा. हे पुसणे हाच साऱ्या कामाचा गाभा. ‘अधिक गडद व्हावा’ म्हणून स्टेन वर तसाच ठेवला तर तो वाळत नाही, आणि त्यावरचे वॉर्निश सालीसारखे निघते. गडद छटा हवी असेल तर एक दिवस थांबून दुसरा हात द्यावा.

चोवीस तासांनी वॉर्निश. डबा हलवू नये, हलकेच ढवळावा. हलवल्याने बुडबुडे होतात व ते थरात अडकतात. पहिला हात थोडे टर्पेंटाइन घालून पातळ करावा, म्हणजे तो आत शिरतो. एकंदर तीन पातळ हात द्यावेत. एक जाड हात हे तीन हातांचे काम करीत नाही, तो वर वाळतो व आत ओला राहतो. प्रत्येक दोन हातांमध्ये एक दिवस जाऊ द्यावा व २२० क्रमांकाचा कागद हलकेच फिरवून धूळ टिपावी. झडपेची खालची व वरची कड कोणाच्या नजरेस पडत नाही. तेथे मात्र एकही हात चुकवू नये, कारण पाणी तेथूनच शिरते.

याउलट झडप व चौकट जेथे एकमेकांस भिडतात तेथे थर पातळच ठेवावा, व दोहोंमध्ये सुमारे दीड-दोन मिलिमीटर फट राहील हे पाहावे. वॉर्निश पूर्ण घट्ट होण्यास आठवडा किंवा अधिक लागतो. तोवर झडप घट्ट लावू नये. नंतर भिडणाऱ्या कडांवर मेणबत्तीचा तुकडा फिरवावा. सव्वा मीटर लांबी-रुंदीच्या दोन झडपांच्या खिडकीस आतून व बाहेरून तीन हातांसाठी साधारण अर्धा लिटर वॉर्निश लागते. त्या हिशेबाने खरेदी करावी.

दुसरा धोका : तेलाची फडकी

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहिण्याची आम्हांस विशेष निकड वाटली ती सांगतो.

जवसाचे तेल किंवा त्यापासून केलेला स्टेन वाळतो, म्हणजे प्राणवायू शोषतो, व या क्रियेत उष्णता निर्माण होते. पसरलेल्या लाकडावर ती उष्णता हवेत निघून जाते. परंतु तीच तेलाची फडकी चुरगळून कचऱ्याच्या डब्यात किंवा बाल्कनीच्या कोपऱ्यात टाकली तर उष्णता आतल्या आत साठत जाते, आणि काही तासांनी फडकी आपोआप पेटतात. ठिणगी लागत नाही, काडी लागत नाही. माणसे निजलेली असतात तेव्हा हे घडते.

ही कल्पित भीती नव्हे. २३ फेब्रुवारी १९९१ रोजी, शनिवारी रात्री, अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात अडतीस मजली ‘वन मेरिडियन प्लाझा’ या इमारतीच्या बाविसाव्या मजल्यावर आग लागली. तेथे लाकडी तक्तपोशीच्या कामात वापरलेली जवसाच्या तेलाची फडकी ठेवून दिली होती. ती आपोआप पेटली. आग तिसाव्या मजल्यापर्यंत चढली व अग्निशामक दलाचे तीन जवान प्राणास मुकले.

उपाय अगदी सोपा आहे. वापरलेले प्रत्येक फडके त्याच वेळी पाण्याने भरलेल्या पत्र्याच्या डब्यात बुडवून झाकण लावावे. किंवा घराबाहेर फरशीवर अथवा तारेवर, एकमेकांवर न ठेवता, सुटे पसरून कडक होईपर्यंत वाळवावे. कागद, भुसा व काचकागदाचे तुकडे यांनाही तेल लागले असेल तर हाच नियम.

याच कारणास्तव शुक्रवारी तेलाचे किंवा टर्पेंटाइनचे काम काढू नये. टर्पेंटाइनची वाफ पेट घेते. संध्याकाळी खिडक्या बंद करून शब्बाथचे दिवे लावायचे असतात, आणि त्यानंतर फडकी आठवली तरी ती आवरण्याची वेळ निघून गेलेली असते. गुरुवारी संध्याकाळी सर्व डबे बंद, फडकी पाण्यात, खोली हवेशीर. असा नियम घरात घालून द्यावा. हनुक्काचे दिवे खिडकीत ठेवतानाही ते नव्या वॉर्निशापासून व पडद्यापासून दूर, पत्र्याच्या ताटात ठेवावेत.

पुढील निगा

एवढे श्रम केल्यावर खिडकीकडे पाठ फिरवू नये. वर्षातून दोनदा, पावसाच्या आधी व नंतर, ओल्या फडक्याने धूळ पुसावी. दक्षिण व पश्चिम दिशेच्या खिडक्यांवर बोट फिरवून पाहावे. चकाकी गेली, पाणी पूर्वीसारखे थेंब होऊन न राहता पसरू लागले, की हलके घासून वॉर्निशाचा एक हात द्यावा. उन्हाच्या बाजूस ही वेळ साधारण दोन-तीन वर्षांनी येते. भेग पडण्यापूर्वी दिलेला एक हात एका तासाचे काम. भेग पडून लाकूड करडे झाल्यावर पुन्हा साऱ्या आठवड्याचे.

मुलांना काय द्यावे

आपल्या समाजात तेलाच्या घाण्याबरोबरच सुतारकाम व गवंडीकाम करणारे कुशल हात पुष्कळ होते. मुंबईत ते त्या कामासाठी नावाजलेले होते. त्यांची रंधा-पटाशी काही घरांत अजून आहे, पण त्या वस्तूंची नावे जाणणारी माणसे वर्षागणिक कमी होत आहेत. येथे जन्मलेल्या मुलास ‘खलोन’ हा एकच शब्द ठाऊक असतो. चौकट, झडप, तावदान, बिजागरी, कडी, कोयंडा, खिट्टी, लांबी हे आठ शब्द पाठ करून घेऊन भाषा टिकत नाही. वस्तू हातात असली तरच शब्द जिभेवर राहतो.

म्हणून या कामात नातवंडांस अवश्य घ्यावे. मात्र खरवडताना व घासताना त्यांना दूर ठेवावे, आणि पाच-सहा वर्षांखालील मुले व गरोदर स्त्रिया यांना त्या दिवसांत घरातच ठेवू नये. धूळ टिपून झाल्यावर त्यांना बोलवावे. बिजागऱ्या घासून तेल देणे, स्क्रू मोजून डब्यात लावणे, कडांवर मेण फिरवणे, ‘पूर्व १’ ही झडप कोणत्या चौकटीची ते शोधून काढणे, एवढे त्यांचे काम. ‘बिजागरी दे’ म्हटल्यावर मूल बिजागरी उचलून देते, तेव्हा तो शब्द त्याचा झालेला असतो. आम्ही पुष्कळ वर्षे वर्गात फळ्यावर शब्द लिहिले. अशा रीतीने शिकलेला शब्द मुले विसरत नाहीत हा आमचा अनुभव आहे.

ज्या घरी लाकडी खिडक्या आहेत त्यांनी येत्या सणापूर्वी एकदा आरी घेऊन त्या टोचून पाहाव्यात, व निर्णय कंत्राटदाराच्या दोन मिनिटांवर न सोडता आपल्या पाहणीवर करावा. शेजारी कोणी एकटे, वृद्ध माणूस अशा घरात राहत असेल तर दोन तरुणांनी एक रविवार त्यास द्यावा. आणि एवढे केल्यावर, रात्री निजण्यापूर्वी, तेलाची फडकी कोठे आहेत ते एकदा पाहून घ्यावे.